मातेचा नाहरकत दाखला

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्याच्या गव्हर्नरांनी २०२५ च्या जानेवारीत, पदाची सूत्रे हाती घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, असे फर्मान काढले की, ज्या मातापित्यांच्या धर्मश्रद्धेस लस मानवत नाही त्यांच्या मुलांना ती न टोचताच शाळेत बसू द्यावे. आणि त्याच राज्याच्या शिक्षण मंडळाने, कायद्याच्या पुस्तकात अशा माफीचा उल्लेख कोठेही नाही या सबबीवर, ते फर्मान खुंटीला टांगून आपल्या शाळांना जुनीच शिस्त बजावली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले हे सांगावयास नकोच. ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरवला त्या देशाचे न्यायाधीश गोवराच्या लशीविषयी परमेश्वराचे नेमके काय म्हणणे आहे याचा खल करीत बसले आहेत, हे वृत्त आमच्या धरमपेठेतील एका निवृत्त अधीक्षकसाहेबांनी वाचले आणि त्यांची दुपारची झोप उडाली.

अधीक्षकसाहेबांची झोप उडण्याचे कारण धार्मिक नसून कार्यालयीन होते. मसुदे लिहिण्याची विद्या त्यांच्या घराण्यात जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सचिवालयापासून पिढीजात चालत आलेली असून, १९५६ साली नागपूरची राजधानी गेली तरी ती विद्या राजधानीबरोबर गेली नाही. एवढी मोठी माफी जगात चालू असताना तिच्यासाठी नागपुरात साधा छापील अर्ज उपलब्ध नसावा, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली, आणि त्याच सायंकाळी त्यांनी ‘धार्मिक लसमाफी नियम, नागपूर’ या शीर्षकाचा एक मसुदा हाती घेतला. मी त्यांच्या नजरेस आणून दिले की, आपल्याकडे बाळांना लस टोचण्याची सक्तीच नाही, सरकार ती फुकट देते व घ्या म्हणून विनवते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास सरकारी शाळेचे दार बंद करता येत नाही. तेव्हा माफी द्यावयाची ती कशातून? त्यावर त्यांनी चष्मा पुसला व म्हणाले, “माफी आधी मंजूर होऊ द्या. सक्ती मागाहून काढता येईल.”

तिकडील प्रकार असा आहे. शाळेत घालावयाच्या मुलास ठरावीक लशी टोचलेल्या असाव्यात असा नियम त्या देशातील सर्वच राज्यांत आहे, परंतु बहुतेक राज्यांत धर्मश्रद्धेची हरकत नोंदवून त्यातून सुटता येते. प्रथम ही सवलत ख्रिश्चन सायन्ससारख्या पंथांसाठी होती, ज्यांची औषधापेक्षा प्रार्थनेवर भिस्त असते. पुढे न्यायालयांच्या ध्यानात आले की, एका पंथाला माफी आणि दुसऱ्याला नाही हा पंक्तिप्रपंच राज्यघटनेत बसत नाही, आणि मग प्रत्येकाची ‘मनःपूर्वक श्रद्धा’ हाच निकष उरला. मनःपूर्वकता मोजावयाची कशी? न्यू जर्सीमधील एका गृहस्थाने, जो व्यवसायाने पाठीचे मणके चोळणारा होता, एक नवाच धर्मसंघ काढला. वर्गणी भरून त्याचे सभासद व्हावे, शरीरात काही टोचून घेणे हे त्या संघाच्या मते पाप, आणि प्रार्थनेस हजर राहण्याची अट नाही. ज्या धर्मात देवळात जावे लागत नाही, उपास करावा लागत नाही आणि शेजाऱ्यावर प्रेमही करावे लागत नाही, केवळ दंड उघडा करावयाचा नाही, त्या धर्माची भरभराट न होईल तर नवल. अखेरीस कॅलिफोर्नियाने २०१५ साली आणि न्यूयॉर्कने २०१९ साली, गोवराच्या साथींनंतर, ही सवलतच काढून टाकली. एक जुनी गंमत येथे नमूद करावीशी वाटते. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लशीच्या सक्तीस मान्यता दिली तो सुप्रसिद्ध जेकबसन खटला लढवणारा इसम स्वतः पाद्री होता; पाच डॉलर दंडाविरुद्ध तो थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेला, परंतु तेथे त्याने पुढे केले ते नागरिकाचे स्वातंत्र्य. देवाला साक्षीस बोलावण्याची कल्पना पाद्र्याला सुचली नाही. ती पुढे बिगरपाद्र्यांना सुचली.

अधीक्षकसाहेबांचा मसुदा या गोंधळाच्या कितीतरी पुढे होता. अर्जदाराचे नाव, वल्दियत, राहण्याचे ठिकाण हे रकाने झाल्यावर कुलदैवताचे नाव. कुलदैवताने लशीस मनाई केल्याचा हुकूम तोंडी की लेखी, आणि तोंडी असल्यास तो स्वप्नात झाला की अंगात येऊन. हुकूम झाल्याची तारीख ही समाजमाध्यमावरील संदेश येण्याच्या आधीची की नंतरची. आणि सर्वांत नामी रकाना असा की, सदर बालकाचा जन्म शस्त्रक्रियेने झाला असल्यास त्या वेळी कुलदैवताने हरकत घेतली होती काय, नसल्यास का नाही, याचा खुलासा करावा. घोडे अडले ते सक्षम अधिकाऱ्यापाशी. प्रत्येक माफीस कोणाचा तरी नाहरकत दाखला लागतो. मग लशीच्या बाबतीत देवतांच्या वतीने सही कोणी करावयाची? या प्रश्नासाठी त्यांना इतिहासाचे दफ्तर उघडावे लागले, आणि तेथे त्यांची फार निराशा झाली.

कारण ज्या देवतेचा या विषयाशी साक्षात संबंध, त्या शीतलेने आजवर कोणास लेखी मनाई केल्याचे आढळत नाही. विदर्भात घरात माता निघाली की दाराला कडुनिंबाची डहाळी लागते, चुलीवर फोडणी पडत नाही, भाकरीबरोबर थंड ताक येते, आणि आजाऱ्याशी घरातील माणसे पाहुण्याशी बोलावे तशी बोलतात. पाहुणी आली आहे, मान घेईल आणि निघून जाईल, हा त्यातला भाव. या भावास सुईचे वावडे असलेच पाहिजे असे नाही. मुंबईत १८०२ सालच्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी या रोगावरची हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरील फोडातून पुढे दुसऱ्यांच्या दंडावर ती नेण्यात आली. दंडातून दंडात लस नेण्याची हीच रीत पुढे अनेक दशके चालली, आणि तेव्हा धर्माच्या नावाने जो आक्षेप वारंवार उठला तो औषधावर नव्हता, दंडावर होता: कोणाच्या मुलाच्या दंडातले पाणी कोणाच्या मुलाच्या दंडात जाणार? खालच्या समजल्या गेलेल्या जातीच्या पोराच्या फोडातून वरच्या जातीच्या पोराचा जीव वाचणार असेल तर असा जीव वाचवावा की न वाचवावा, हा पेच ज्यांना पडला त्यांनी त्यास धर्म म्हटले. मी अधीक्षकसाहेबांस सुचवले की, हा रकानाही अर्जात घालावा. ते म्हणाले, तो न घालताच भरून येईल.

इंग्रजांच्या बाजूनेही या दफ्तरात फार शुद्ध कागद आहेत असे नव्हे. हिंदूंना शास्त्राधार दाखवल्याखेरीज ते दंड पुढे करणार नाहीत अशी समजूत करून घेऊन लशीच्या पुरस्कर्त्यांनी प्राचीन वाटतील असे संस्कृत आधार पैदा करण्याचा उद्योग आरंभला. १८१९ साली ‘मद्रास कुरिअर’ या पत्रात धन्वंतरीच्या नावावर असाच एक उतारा छापून आला, ज्यात गाईच्या आचळावरील फोडाची लस चक्क वर्णिलेली होती. संशोधकांनी पुढे तो बनावट ठरवला. परंतु बनावट कागदासही नशीब असते. आम्हांला फसवण्यासाठी परक्यांनी रचलेला तो उतारा आमच्या स्वाभिमानी मंडळींनी पुढे पुरावा म्हणून उराशी धरला की, जेन्नरच्या कितीतरी आधी लस ही आमच्याच ऋषींनी शोधली होती. म्हणजे आधाराप्रमाणे पाहता आमचा धर्म लशीच्या विरुद्ध नाही इतकेच नव्हे, तर लशीचा जनक आहे. मग माफी कोण मागणार?

१८८० साली सरकारने लसटोचणीचा कायदा केला आणि काही नगरपालिका व लष्करी छावण्या यांत तो लागू झाला. या कायद्यात बालक म्हणजे चौदा वर्षांखालील मुलगा आणि आठ वर्षांखालील मुलगी अशी व्याख्या होती. आठ वर्षांनंतर मुलीला देवी येण्याचे थांबते असा काही वैद्यकीय शोध त्या काळी लागल्याचे ऐकिवात नाही. आठव्या वर्षानंतर ती कोणाची सून होते व तिचा दंड सासरच्या ताब्यात जातो, एवढाच शोध कायदा करणाऱ्यांनी लावला असावा. धर्माला माफी हवी असली की ती अर्ज न करताही मिळते, ती अशी. योगायोग असा की, नागपूरच्या इतवारीची काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात. सरकारने आपला उपाय काढला आणि पाठोपाठ इतवारीने आपला काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींचे पुतळे वाजतगाजत निघतात, बरोबर चालू घडामोडींवरचे बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात, आणि हजारो कंठ रोगराई, इडापिडा, खोकला, महागाई, जे जे नको ते ते ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून तिच्या हवाली करतात. मग गावाबाहेर तिचे दहन होते. करोनाचा बडगाही याच वाटेने गेला. या मिरवणुकीत नाचणारी तीच माणसे दुसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात रांग लावतात, आणि मारबतीने नेलेल्या रोगावर पुन्हा सुई कशाला, असा प्रश्न त्यांना पडत नाही. अधीक्षकसाहेबांना यात तर्कदोष दिसला. मला तर यात नागपूरकराचा व्यवहार दिसतो: एका वकिलावर खटला सोडून देणारा माणूस तो नव्हे.

खऱ्या धार्मिक हरकतीचे एकच उदाहरण आमच्या आसमंतात सापडते, आणि ते इतके मोठे आहे की त्याच्यासमोर छापील अर्ज ठेवण्याची छाती अधीक्षकसाहेबांनाही झाली नाही. नागपूरहून दीड-दोन तासांच्या वाटेवर सेवाग्राम आहे, आणि तेथे १९३६ पासून जे गृहस्थ राहत होते त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच आपल्या आरोग्यविषयक लेखमालेत लशीचा निषेध केलेला होता. गाईच्या शरीरातून काढलेला तो घाण द्रव अंगात घालणे त्यांना धर्मविरुद्ध वाटे. त्यांची ही हरकत मनःपूर्वक होती याचा दाखला कोणत्याही कारकुनाने तपासण्याची गरज नाही, कारण १९३० साली साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ येऊन मुले दगावली, तरी ते आपल्या मतापासून ढळले नाहीत. त्यांचे मत चुकले होते असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, आणि ती मुले गेली हे त्या मताचे मोल होते हेही लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. असे मत बाळगणाऱ्याने सगळ्या जगाविरुद्ध एकट्याने उभे राहण्याची तयारी ठेवावी असे त्यांचे सांगणे होते, आणि आश्रमातील ज्याला टोचून घ्यावयाचे असेल त्याला त्यांची आडकाठी नव्हती. पुढे काळाने जी मखलाशी केली ती अशी: त्यांच्याच सहवासात वाढलेल्या, त्यांची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, आणि देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तो त्यांच्याच खात्याचा. गुरूची हरकत फायलीत राहिली, शिष्येच्या खात्याने कोट्यवधी दंड टोचले, आणि १९७५ च्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा रोगी राहिला नाही. या दोघांत कोण अधिक धार्मिक होते, हे ठरवण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यायाधीशांची समिती नेमावी.

मग आपल्याकडे लस नाकारणारे कोणी नाहीत काय? आहेत, पण त्यांच्या नकाराची मुळे पोथीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसले. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अडकले एवढेच. सरकारी माणूस सुई घेऊन दारात आला की ‘ही सुई पुढे मूल होऊ देणार नाही’ अशी कुजबुज गल्लीत उठते, तिला धर्मभोळेपणा म्हणून हसणाऱ्यांनी हे विधेयक आठवावे. ती कुजबुज अज्ञानाची आहे खरी, पण निराधार अज्ञानाची नव्हे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचण्याची मोहीम चालली तेव्हाही काही पालकांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवले, ते याच कुजबुजीमुळे. दिल्लीत अशाच मोहिमेसंबंधी पालकांची संमती घेतल्याशिवाय टोचू नये असे तेथील उच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ठरवले; आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोनाच्या लशीसंबंधी निर्णय दिला की, कोणावर लशीची जबरदस्ती करता येणार नाही, परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील. या सर्व कज्जेदलालीत देवाचे नाव कोणीही घेतले नाही, ही बाब अधीक्षकसाहेबांनी आपल्या वहीत खेदपूर्वक टिपून ठेवली.

तरीही प्रत्यक्ष चौकशी केल्यावाचून मसुदा पुरा होत नाही, म्हणून ते एका लसीकरणाच्या दिवशी उत्तर नागपुरातील एका वस्तीत गेले आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर नेले. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी, तिच्यावर बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा, डब्याशेजारी नर्सबाई, आणि नर्सबाईंपुढे नावांची यादी घेऊन उभी आशाताई. गोवराची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकावी लागते, म्हणून आशाताई यादीतील गैरहजर बायांना फोनवर फोन लावीत होत्या. ओट्याच्या पायरीवर एक म्हातारी नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन बसली होती. पोराच्या गळ्यात काळा दोरा, त्यात चांदीची पेटी, कपाळाच्या कडेला काजळाचा टिक्का. अधीक्षकसाहेबांना हा रुजू करण्याजोगा पुरावा वाटला. ते वाकून म्हणाले, “आजीबाई, लस टोचायला तुमच्या देवाधर्माची काही हरकत?”

“मातामाय काऊन हरकत घेईन जी?” म्हातारी म्हणाली. “तिच्या पायावर घालूनच तं आणलं पोराले. तुमी हे सांगा, रातच्याले ताप आला तं गोळी देता का नाई? त्याची माय सकाळी कामाले जाते. मागल्या खेपी रातभर रडला, तिची रोजी बुडली.”

नर्सबाईंनी तापाच्या औषधाची बाटली आणि मात्रा समजावून सांगितली, पोर उजव्या दंडावर टोचून घेऊन आपल्या हुद्द्यास शोभेल असे किंचाळले, आणि आशाताईंनी कार्डावर पुढील तारीख घातली. बुडालेल्या रोजीसाठी मसुद्यात रकाना नव्हता. अधीक्षकसाहेब परत येताना बराच वेळ बोलले नाहीत. बहुधा रकाना घालावा तर त्याच्या भरपाईचा लेखाशीर्ष कोणता, या विचारात असावेत.

मसुद्यातील शेवटचे कलम त्यांनी मला दाखवले ते मात्र खरोखर मुत्सद्दीपणाचे होते. गोवराचा एक रोगी, आसपासच्या कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना तो रोग देतो, आणि शंभरातील पंचाण्णव मुले टोचलेली असली तरच उरलेल्या पाचांच्या दारापर्यंत तो पोहोचत नाही. या पाचांत नऊ महिन्यांच्या आतील बाळे असतात, कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले असतात, ज्यांना लस देताच येत नाही. माफीवाल्याला जागा हवी असते ती नेमकी या पाचांत. टेक्सासच्या गेन्स परगण्यात बालवाडीतील सुमारे १८ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लशीतून सूट घेतलेली होती. तेथून २०२५ साली जी साथ निघाली तीत त्या राज्यात ७६२ जणांना गोवर झाला आणि दोन मुले दगावली. साथ जेथे माजली त्या मेनोनाईट पंथाच्या धर्मशास्त्रात लशीला मनाई असल्याचे त्या पंथाच्या जाणत्यांनाही ठाऊक नाही. ‘यास्तव,’ असे अधीक्षकसाहेबांचे कलम म्हणते, ‘माफीधारकाच्या घरी येणाऱ्या रोगास समज देण्यात यावी की, त्याने सदर घराची हद्द ओलांडून शेजारच्या विनामाफी इसमांस उपद्रव देऊ नये, समजपत्र बेलिफामार्फत बजावावे, आणि रोग न सापडल्यास ते दरवाजावर चिकटवावे.’ मी विचारले, रोगाने पोच दिली नाही तर? ते म्हणाले, तर प्रकरण एकतर्फी चालेल.

नियम अशा रीतीने पुरे झाले, अर्जांच्या शंभर प्रती छापून आल्या, आणि अधीक्षकसाहेबांनी आपल्या गॅलरीत एक टेबल मांडून पंधरवडाभर कचेरी चालवली. वर्दळ भरपूर झाली. पहिला अर्जदार वर्धा मार्गावरून रोज दुचाकीने ये-जा करणारा एक तरुण असून, आपल्या कुलस्वामिनीस मस्तक झाकलेले चालत नाही, सबब हेल्मेटमधून माफी मिळावी, अशी त्याची दरखास्त होती. त्याच्या मागोमाग, पाणी हे वरुणदेवाचे असल्याने त्याचे देयक भरणे पाप आहे असे मनःपूर्वक मानणारे एक घरमालक आले. मग डावीकडून जाणे आपल्या संप्रदायात अशुभ गणले जाते असे सांगणारे दोन ऑटोवाले. आणि संध्याकाळी, परीक्षेच्या काळात आपल्या देवतेचे व्रत असते म्हणून गणिताच्या पेपरातून सूट मागणारा नववीतील एक मुलगा. अधीक्षकसाहेबांनी सर्वांचे अर्ज आवक नोंदवहीत रीतसर घेतले. नोंदवहीत लशीच्या रकान्यासमोर अद्याप ‘निरंक’ असून, हेल्मेटच्या रकान्यास पुरवणी कागद जोडावे लागले आहेत.